सहाशे तीन रिकाम्या चौकटी

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी संगणक सुरू केला आणि अख्खा पडदा लाल झाला.

आमची कंपनी प्रोग्रामर लोकांसाठी अवजारं बनवते. म्हणजे मोठमोठ्या संस्थांमधले प्रोग्रामर ज्याच्या मदतीनं आपलं सॉफ्टवेअर लिहितात आणि तपासतात, ते सॉफ्टवेअर. त्याचं मॅन्युअल तयार करणं हे आमच्या विभागाचं काम, आणि त्यातलं लिहिण्याचं काम माझं. मॅन्युअलमध्ये सहाशे बारा चित्रं आहेत. प्रत्येक चित्रामागे एक न दिसणारी चौकट असते आणि तिच्यात चित्राचं वर्णन लिहायचं असतं. डोळस माणसाच्या नजरेस ते कधी पडत नाही. ज्याला दिसत नाही त्याचा संगणक मात्र ते मोठ्यानं वाचून दाखवतो. चौकट रिकामी राहिली की रोज सकाळी आपोआप होणाऱ्या तपासणीत एक लाल ओळ येते.

त्या सकाळी सहाशे तीन लाल ओळी आल्या होत्या.

मी धावत बुवांच्या केबिनमध्ये गेले. बुवा आमचे विभागप्रमुख. आमच्या मॅन्युअलची एकशे एक्केचाळीस नियमांची लेखनसंहिता त्यांनीच केली, म्हणून पाठीमागे त्यांना नियमबुवा म्हणत आणि तोंडावर नुसतं बुवा. स्वल्पविराम चुकला तरी पेन्सिलीनं गोल करून कागद परत पाठवणारा माणूस. मला वाटलं, आता त्यांना खुर्चीतून उठवायला दोघं लागणार. पण ते शांत होते. डोळे तेवढे सुजलेले.

"वाटून घेऊ," ते म्हणाले. "दोन-दोनशे प्रत्येकी. साधी, कोरडी वर्णनं. गुरुवारच्या आत होतील."

गुरुवार हीच तर अडचण होती. आठ वर्षं आमचं अवजार वापरणाऱ्या इस्पितळांच्या एका मोठ्या समूहाची माणसं गुरुवारी येणार होती. पुढेही आमच्याकडेच राहायचं की नाही ते ठरवायला. त्यांच्यातला एक इंजिनियर अंध होता आणि मॅन्युअल तो कानांनी तपासणार होता. शुक्रवारी दुपारी आमच्या साहेबांनी उत्साहाच्या भरात सगळ्यांना कळवलं होतं, की त्या दिवशी आपली वर्णनं सभागृहात लाउडस्पीकरवर ऐकवू. आणि तोंडी हेही सांगितलं होतं, की मॅन्युअलनं नाक कापलं तर विभाग बंद, काम बाहेर.

वर्णनांचा तक्ता एका वेगळ्या साध्या फाइलमध्ये असायचा. तिची एकच जादा प्रत ठेवली जायची आणि दर रविवारी नवी प्रत जुनीवर चढायची. म्हणजे रविवारी रिकामी फाइल जुन्या प्रतीवर बसून मोकळी झाली होती.

साडेनऊला दारात पांढरी काठी टकटकली. माझी नणंद आली.

हिची ओळख करून द्यायला हवी. ती जन्मापासून अंध आहे आणि ज्यांना दिसत नाही त्यांना सॉफ्टवेअर वापरता येतं का, हे तपासणं हा तिचा धंदा. गुरुवारची तयारी म्हणून साहेबांनी तिला चार दिवसांसाठी बोलावलं होतं. ती माझ्या नवऱ्याहून लहान, पण लग्नाच्या दिवशी तिनं मला पहिल्या पाच मिनिटांत तीन वेळा टोकलं, तेव्हापासून मी तिला थट्टेनं 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणते. त्या दुपारपर्यंत सगळं ऑफिस तिला वन्सं आणि मला वहिनी म्हणायला लागलं होतं.

वन्संनी कानात एक इअरफोन घातला. त्यांचा संगणक इतक्या वेगानं बोलतो, की पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा आवाज येतो. पंधरा मिनिटं त्या ऐकत राहिल्या.

"सगळी पुसलेली नाहीत, वहिनी," त्या म्हणाल्या. "नऊ शिल्लक आहेत. चित्र पाचशे ऐंशी ते पाचशे अठ्ठ्याऐंशी. 'हा मुख्य पडदा आहे.' 'हा दुसरा पडदा आहे.' अगदीच भिकार आहेत. कुणी लिहिलीत?"

ती नऊ माझी होती.

२

ही बातमी साहेबांपर्यंत पोचायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

"दुसऱ्यांची सगळी पुसली आणि तुमची तेवढी राहिली," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. "याचा अर्थ मी काय घ्यायचा?"

तक्ता उघडायचा पासवर्ड चौघांकडे होता. बुवा, चित्रं काढणारी आमची चित्रकार, नव्या आवृत्त्या बाहेर काढणारे व्यवस्थापक, ज्यांना सगळे घाईवाले म्हणत, आणि मी. चौघांचं खातं एकच, आणि ते घरूनही उघडायचं. शुक्रवारी सकाळची तपासणी स्वच्छ होती, पण त्यानंतर कोण कुठे होतं याला त्यामुळे काही अर्थ नव्हता.

"साहेब, एक विचारू?" वन्सं म्हणाल्या. "शुक्रवारच्या तपासणीनंतर फाइल केव्हा आणि किती वेळा जतन झाली, एवढी तरी नोंद आहे का?"

नोंद होती. साहेबांनी वाचून दाखवली. शुक्रवारी दुपारी तीनपासून पावणेसहापर्यंत, सहाशे तीन वेळा.

"सहाशे तीन चौकटी एका झटक्यात रिकाम्या करता येतात. सेकंदाचं काम," वन्सं म्हणाल्या. "या माणसानं पावणेतीन तास घेतले. एकेक उघडलं, एकेक पुसलं. घातपात करणारा असं करत नाही. त्याला पळायची घाई असते."

"मग असं कोण करतं?"

"जो निरोप घेत असतो तो."

साहेबांना हे फारसं पटलं नाही. त्यांनी बुधवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तोवर माणूस सापडला नाही तर माझ्या नावावर शिक्का बसणार होता. केबिनमधून बाहेर पडताना मी उरलेले तास मोजत होते आणि वन्सं मात्र विचारत होत्या, की तुमच्याकडे चहा बरा कुठल्या मजल्यावर मिळतो.

३

पहिले घाईवाले. ते उभ्याउभ्याच बोलतात.

"खरं सांगू? मॅन्युअल कोण वाचतं हल्ली? दोन मिनिटांचे व्हिडिओ करा, मोकळे व्हा. मी तसा प्रस्ताव दिलाच आहे."

"म्हणजे वर्णनं गेली तर तुमचा फायदाच," वन्सं म्हणाल्या.

"फायदा कसला? गिऱ्हाईक गेलं तर मी कुठल्या आवृत्त्या काढू? आणि ती वर्णनं मी एकही वाचलेलं नाही. लिहायचा तर प्रश्नच नाही. चित्रामागे काही असतं हेच मला शुक्रवारी साहेब बोलले तेव्हा कळलं." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मी तर नेहमी सांगतो, ते काय ते तिकडचं दाबा. लोकांना कळतं."

"मला नाही कळलं," वन्सं म्हणाल्या. घाईवाले आयुष्यात पहिल्यांदा खाली बसले.

मग चित्रकार. तिच्या टेबलावर रंगांच्या पट्ट्यांचा ढीग होता. तिला हसायला कारण लागत नाही, त्या दिवशी मात्र ती रडवेली झाली होती.

"मला वाटायचं वर्णनं वहिनीच लिहिते. लेखिका ती आहे ना."

"आणि मला वाटायचं तू लिहितेस," मी म्हटलं. "चित्रं तुझी."

"मी कशी लिहीन? मला बटणाचं नावसुद्धा आठवत नाही. मी म्हणते, ते शेवाळी बटण, त्याच्या शेजारचं गाजरी. बुवा त्यावरून कायम ओरडतात. म्हणून तर आमचं बिनसलं होतं गेल्या महिन्यात."

शेवटी बुवा. त्यांनी वन्संसाठी खुर्ची ओढली, टेबलाची कड कुठे आहे ते सांगितलं, पाण्याचा पेला हातापासून किती अंतरावर आहे तेही सांगितलं. मला नवल वाटलं. आमच्याशी ते इतके शब्द महिन्याभरात बोलत नसत.

"बुवा, वर्णनं कोण लिहायचं?"

"वर्णनाखाली लेखकाचं नाव घालण्याची तरतूद नियमांत नाही."

"तुमच्या नियमांत वर्णनाबद्दल काय आहे?"

"एकतिसावा नियम. बटण रंगानं किंवा जागेनं दाखवू नये. त्यावर जे लिहिलं आहे, त्यानं दाखवावं. लाल किंवा उजवीकडचं असं म्हटलं, की ज्याला दिसत नाही तो रस्त्यात उभा राहतो." हे बोलताना त्यांचा आवाज जरा हलला. मग त्यांनी पेन्सिल उचलली. "अजून काही?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "घ्या. नऊ वर्षं चौकटी भरत होत्या आणि जो तो म्हणतो, मी नाही लिहिलं."

"जो तो नाही," वन्सं म्हणाल्या. "नीट ऐकलं असतंस तर कळलं असतं."

त्याहून जास्त काही सांगायला त्या तयार झाल्या नाहीत.

४

त्या संध्याकाळी वन्सं आमच्याकडेच जेवायला थांबल्या. नवऱ्यानं भाजी करपवली होती आणि ती आपण मुद्दाम तशी केली असं बहिणीला पटवत होता.

"वहिनी, मला एक सांग. ती नऊ तू मुळात का लिहिलीस? बाकीची तर आपोआप भरत होती ना?"

मी आठवून पाहिलं. "दीड महिन्यापूर्वी नवं प्रकरण घातलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत लाल ओळी आल्या. पहिल्यांदाच आल्या. मी दोन दिवस वाट पाहिली, मग वैतागून काहीतरी खरडलं."

"पहिल्यांदाच. नऊ वर्षांत."

"हो."

"त्या आठवड्यात ऑफिसात काही वेगळं होतं?"

"काही नाही. उलट मजा होती. दुपारी आम्ही पत्ते खेळायचो. घाईवालेसुद्धा यायचे."

वन्संचा घास हातातच राहिला. "ऑफिसात? भर दुपारी? तुमच्या विभागात?"

"हो. का?"

त्यांनी घास तोंडात घातला, अगदी निवांत चावला आणि भावाला म्हणाल्या, "भाजी छान झालीय." एवढं उघड खोटं त्या फक्त फार खुशीत असल्या की बोलतात.

जेवणानंतर त्यांनी फोन काढला. अंध प्रोग्रामरांचा एक गट आहे, देशोदेशीचे तीन-चारशे जण. तिथे त्यांनी विचारलं, आमच्या मॅन्युअलची जुनी प्रत कुणाकडे आहे का. आमच्या संस्थळावर फक्त चालू आवृत्ती असते आणि तक्ता बदलला की तीही आपोआप बदलते, पण वापरणारे कधीकधी स्वतःसाठी उतरवून ठेवतात.

सकाळी सातला वन्संचा फोन आला. बराच वेळ त्यांना बोलताच येत नव्हतं. मी घाबरले. मग कळलं, की त्या हसत होत्या.

"एका बाईनं दोन वर्षांपूर्वीची प्रत पाठवलीय. पाचशे सत्तावीस वर्णनं आहेत. ती म्हणते, कंटाळा आला की ऐकते. वहिनी, तू कधी वाचलीच नाहीस ही?"

"नाही."

"मग लवकर ये. आणि येताना बुवांनाही सांग, दहाला थांबा म्हणावं."

५

बुवांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण दाटीवाटीनं बसलो. साहेबही आले होते. वन्संनी या वेळी इअरफोन काढून ठेवला आणि संगणकाचा वेग माणसांत आणला.

तो सपाट, यांत्रिक आवाज वाचू लागला.

"चित्र अठरा. चुकांची यादी. सत्तावीस ओळी आहेत. प्रत्येक ओळ 'गंभीर' या शब्दानं सुरू होते, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही."

चित्रकार फिसकन हसली.

"चित्र दोनशे सात. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी. ती नव्याण्णव टक्क्यांवर थांबली आहे. हे स्थिर चित्र आहे. खरी पट्टीही अशीच दिसते."

आता घाईवालेही हसले. मग गप्प झाले, कारण ती पट्टी त्यांची होती.

"चित्र तीनशे तीस. कामाच्या फांद्यांचा आराखडा. मुख्य रेषेतून पाच फांद्या फुटतात. चार वळून परत तिला मिळतात. पाचवी निघाली ती निघालीच. तिच्या टोकाला गेल्या मार्चपासून कुणी फिरकलेलं नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. ते चित्र मी शंभरदा पाहिलं होतं. ती पाचवी फांदी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

वन्संनी आवाज थांबवला.

"आता सांगते. पुसणारा शत्रू नव्हता, हे त्या पावणेतीन तासांवरून कळलं. त्यानं वहिनीची नऊ तेवढी ठेवली. म्हणजे कुठलं कुणाचं हे त्याला माहीत होतं. पण कुठलं वर्णन कुणाचं हे या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. चित्रकार म्हणते वहिनी लिहिते, वहिनी म्हणते चित्रकार. आपलं कुठलं, हे ओळखणारा एकच माणूस असू शकतो. ज्यानं लिहिली तोच. त्यानं फक्त स्वतःची पुसली."

"मग लिहिली कुणी?" साहेबांनी विचारलं.

"पाचशे सत्तावीस वर्णनांत एकदाही नुसता रंग नाही. एकदाही नुसतं डावं-उजवं नाही. चित्रकार दोन वाक्यांत शेवाळी आणि गाजरी म्हणते. घाईवाले तिकडचं म्हणतात. एकतिसावा नियम पाचशे सत्तावीस वेळा पाळणारा माणूस या ऑफिसात कितीसा असेल? आणि दुसरं. नऊ वर्षांत चौकटी एकाच आठवड्यात रिकाम्या राहिल्या. त्या आठवड्यात तुम्ही दुपारी पत्ते खेळत होता. ज्यांच्या धाकानं इथे स्वल्पविराम सरळ उभे राहतात, ते जागेवर असते तर पत्ते निघाले असते का?"

ते खरं होतं. त्या आठवड्यात बुवा दाढा काढायला रजेवर होते.

"आणि तिसरं," वन्सं हळूच म्हणाल्या, "काल सगळ्यांनी 'मी लिहिली नाहीत' असं सांगितलं. बुवांनी सांगितलं नाही. नियमांत तरतूद नाही म्हणाले. मला वाटतं त्यांना खोटं बोलता येत नाही."

बुवा पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते.

"आईची दृष्टी शेवटी गेली," ते म्हणाले. "मी रोज तिला पेपरातल्या छायाचित्रांबद्दल सांगायचो. मी सांगायचो, हा अमुक मंत्री, हा तमुक. ती वैतागायची. म्हणायची, नावं बातमीत आहेत रे, त्याचा चेहरा कसा झालाय ते सांग. सहा वर्षं रोज सकाळी सांगत होतो. ती गेली आणि त्याच महिन्यात इथे वर्णनांच्या चौकटी आल्या." ते थांबले. "सवय मोडली नाही. संध्याकाळी सगळे गेले की अर्धा तास लिहायचो. ऐकणारं कुणी आहे असं कधी वाटलंच नाही."

"मग पुसलीत का, बुवा?" चित्रकारनं विचारलं.

"लाउडस्पीकरवर लावणार म्हणाले. तुमच्या एका जादा विशेषणावर गोल करणारा मी. कुठल्या तोंडानं बसलो असतो सभागृहात? वाटलं, शनिवार-रविवारी कोरडी लिहून काढू, कुणाला पत्ता लागणार नाही. दोन दिवस बसलो. एक ओळ सुचली नाही." ते साहेबांकडे वळले. "पुसली ती मीच. यांच्यावरचा संशय काढून टाका. माझं काय करायचं ते ठरवा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"पाचशे सत्तावीस मिळाली. शहात्तर उरली. आज मंगळवार आहे. आधी चौकटी भरा. तुमचं काय करायचं ते गुरुवारी संध्याकाळी बघू."

६

बुधवारी बुवा बोलत होते आणि आम्ही लिहून घेत होतो. चित्रकार एकेक चित्र समोर धरायची, बुवा डोळे किलकिले करायचे आणि सुरू व्हायचे. घाईवाले नुसते दारात येऊन उभे राहिले होते. तासाभरानं त्यांनी स्वतःहून टंकायला घेतलं.

साडेतीनला एक कठीण गोष्ट पुढे आली. चित्र एक्केचाळीस, जुन्या प्रतीतलं. बुवांना ते गाळायचं होतं. आम्ही गाळू दिलं नाही.

गुरुवारी सभागृह भरलं. इस्पितळांकडून चौघं आले. अंध इंजिनियर पन्नाशीचा, गंभीर चेहऱ्याचा. लाउडस्पीकर नको, असा त्यानं हात केला. "मी आधी एकटा ऐकतो," म्हणाला आणि कानात इअरफोन घालून बसला. वीस मिनिटं तो ऐकत होता आणि आम्ही त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो. त्यावर काहीच हलत नव्हतं. साहेबांनी रुमालानं मान पुसली.

त्यानं इअरफोन काढला.

"सोमवारी तुमचं नवं मॅन्युअल उघडलं तर वर्णनं गायब होती," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. मला वाटलं, लिहिणारे वारले. इथे येताना तेच विचारायचं ठरवलं होतं. कोण लिहितं ही?"

मग मागच्या रांगेतली खुर्ची करकरली.

"मी," बुवा म्हणाले.

इंजिनियरनं मान आवाजाकडे वळवली. "आठ वर्षांपूर्वी मी या नोकरीत आलो तेव्हा सगळे मला चित्रं समजावून सांगायचे. आता आमच्याकडची डोळस पोरं चित्रं बंद करून तुमची वर्णनं वाचतात आणि अडलं की मला विचारतात, हे नक्की कुठल्या पडद्याबद्दल आहे. असं दुसरीकडे कुठे होत असेल तर मला माहीत नाही. आमच्याकडून होकार आहे. एकच विनंती, आता लाउडस्पीकर लावा. एक्केचाळीस ऐकू द्या. ते माझ्या सहकाऱ्यांना पाठ आहे."

बुवांनी डोळे मिटले. लाउडस्पीकर बोलू लागला.

"चित्र एक्केचाळीस. परवानग्यांचा पडदा. एकाखाली एक तीन बटणं आहेत. 'मंजूर', 'नामंजूर' आणि 'सर्व मंजूर'. तिसरं बटण आमच्या साहेबांच्या आग्रहाखातर ठेवलं आहे. ते दाबल्यावर काय होतं, हे त्यांनाही विचारून झालं आहे."

पाहुण्यांकडून हसू फुटलं. आमच्याकडचे सगळे साहेबांकडे बघत होते. साहेबांचे कान लाल झाले, ओठ एकदा दाबले गेले, आणि मग त्यांच्या पोटातून हसू असं वर आलं की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

"खरंच काय होतं हो दाबल्यावर?" हसण्यातून सावरत त्यांनी घाईवाल्यांना विचारलं.

"कुणी दाबलेलं नाही, साहेब," घाईवाले म्हणाले.

संध्याकाळी बुवांचा निकाल लागला. शिक्षा म्हणून त्यांनी दर शुक्रवारी आम्हा सगळ्यांना वर्णनं लिहायला शिकवायचं होतं, आणि नव्या आवृत्तीत प्रत्येक वर्णनाखाली लिहिणाऱ्याची सही येणार होती. बुवांनी त्याच पानावर लगेच त्या आदेशातली शुद्धलेखनाची चूक गोल करून दिली.

सहाला आम्ही तिघं बसथांब्यावर उभे होतो, बुवा, वन्सं आणि मी. रस्त्यावर गर्दी होती. मग बुवांनी घसा साफ केला.

"समोर एक गृहस्थ आहेत," ते वन्संना म्हणाले. "ते एक मोठं कपाट हातगाडीवर चढवू बघतायत. कपाटाचं दार उघडतंय. गृहस्थ बंद करतात, ते उघडतं. आता त्यांनी त्याला पाठ लावलीय आणि रस्त्याकडे अशा रुबाबात बघतायत, जणू पाठ टेकायला म्हणूनच कपाट विकत घेतलंय."

वन्संची बस आली. चालकानं दार उघडून वाट पाहिली. वन्संनी हातानंच त्याला जायला सांगितलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "आता काय करतायत?"